नऊ बाय बाराच्या खोलीतले जपान

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती, धडधडत जाणारी गाडी आणि बर्फाची टोपी घातलेला फुजी पर्वत येतो. जुने जपान म्हटले की राजवाडे, किल्ले आणि तलवारी. पण ज्या कष्टकऱ्यांच्या जिवावर ते शहर चालत होते ते राहत कुठे होते, पाणी कोठून भरत होते, चूल कशी पेटवत होते? हे दाखवणारे एक छोटेसे संग्रहालय टोकियोत आहे. फुकागावा एदो संग्रहालय हे त्याचे नाव. मुलाकडे गेलो असताना आम्ही उभयता मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहून आलो. आपल्या वाचकांना, विशेषतः चाळीत वाढलेल्या वाचकांना, त्याची हकीकत सांगावी असे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा मुलगा टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. निशी-कासाई म्हणजे पश्चिम कासाई. संगणकाच्या कामावर आलेली भारतीय कुटुंबे येथे बरीच आहेत. बाजारात मराठीही कानावर पडते. हा भाग एदोगावा विभागात येतो. त्या विभागाच्या सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला होता. वाचकहो, 'कासाई' हे नाव तेवढे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

निशी-कासाईहून भुयारी रेल्वेने चौथे स्टेशन मोन्झेन-नाकाचो. तेथे गाडी बदलली की पुढचेच स्टेशन कियोसुमी-शिराकावा. बाहेर पडून तीन-चार मिनिटे चालले की रेइगान-जी हे बुद्धविहार लागते आणि त्याला लागूनच हे संग्रहालय. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या माणसाला ४०० येन आणि शाळकरी मुलाला ५० येन तिकीट होते. टोकियोच्या मानाने हे फारच स्वस्त.

छपरांवरून प्रवेश

आत गेल्यावर काचेच्या कपाटात मांडलेल्या वस्तू दिसतील अशी आमची अपेक्षा होती. तसे काही नाही. आपण वरच्या मजल्यावर येऊन उभे राहतो आणि खाली अख्खी वस्ती पसरलेली दिसते. काळी कौले, लाकडी छपरे, मधून जाणारी अरुंद बोळे, एका टोकाला होड्यांचा धक्का आणि आगीवर नजर ठेवायचा उंच मनोरा. एका छपरावर मांजर बसलेले आहे आणि ते मधूनच ओरडते. सगळे खऱ्या मापाचे. जिना उतरून खाली गेलो की आपण त्या गल्लीत चालू लागतो.

ही वस्ती आहे फुकागावातील सागा-चो मोहल्ल्याची, सुमारे १८४२ सालची. तेव्हा टोकियोला एदो म्हणत. शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती. जवळजवळ निम्मे लोक साधे शहरवासी, म्हणजे कारागीर, दुकानदार, हमाल, फेरीवाले. पण शहराची बरीचशी जमीन सरदार-सामुराईंच्या वाड्यांखाली आणि उरलेल्यातली मोठी देवळे-विहारांखाली. या निम्म्या माणसांना जेमतेम सहाव्या हिश्श्यात दाटीने राहावे लागे.

येथील कोणतेही घर मूळचे नाही. सगळे नव्याने बांधून १९८६ मध्ये हे संग्रहालय उघडले. मूळचे काही उरलेच नव्हते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत हा भाग जळाला. पुन्हा उभा राहिला तर १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली, आणि ती मुख्यतः अशाच गरीब, दाट वस्तीची होती. सरदारांचे किल्ले आणि तलवारी कुठे ना कुठे जपून राहतात. गरिबाचे घर मात्र आगीत गेले की त्याची खूणही राहत नाही. म्हणून जुनी कागदपत्रे शोधून, सुतार लावून, कौल कौल बसवून ही गल्ली पुन्हा उभारावी लागली.

रस्त्यावर आधी मोठे दुकान लागते. सुक्या माशांचे खत आणि माशाचे तेल यांचा हा घाऊक व्यापारी. खत शेतकरी नेत, तेल गरिबांच्या दिव्यात जाई. पुढे भाजीचे दुकान, मग तांदळाचे. तांदूळवाल्याकडे पायाने दाबून कांडायचे उखळ आहे. शहरातल्या लोकांना पांढरा शुभ्र तांदूळ आवडे आणि त्यापायी त्यांना पाय सुजण्याचा, अंग बधिर होण्याचा रोग जडे. त्याला लोक 'एदोचा आजार' म्हणत. कोंड्याबरोबर जीवनसत्त्व जाते हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. धक्क्याजवळ होडीवाल्यांची दोन घरे आहेत आणि उघड्यावर तळणाच्या व शेवयांच्या गाड्या आहेत.

नागाया म्हणजे चाळच

मुख्य रस्त्यावरून मागच्या बोळात शिरलो आणि आम्ही दोघेही जागीच थांबलो. एका ओळीत, एका छपराखाली खोल्या. मधली भिंत सामाईक. समोर अरुंद बोळ. मध्ये विहीर, कडेला कचऱ्याचा हौद, सामाईक संडास आणि कोपऱ्यात छोटेसे देऊळ. जपानी भाषेत याला 'नागाया' म्हणतात, म्हणजे लांब घर. आपण याला चाळ म्हणतो.

अशा खोलीचे नेहमीचे माप नऊ शाकू रुंद आणि बारा शाकू खोल. शाकू म्हणजे जवळजवळ आपला फूटच. म्हणजे नऊ बाय बाराची खोली, १०८ चौरस फूट. त्यातही पुढचा भाग मातीचा. तेथे चूल, पाण्याचा रांजण आणि भांडी घासायची मोरी. उरलेल्या भागात साडेचार चटया मावतात. तेथेच जेवायचे, काम करायचे, बाळंत व्हायचे आणि झोपायचे. सकाळी अंथरुणे गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे तिच्यापुढे जवळजवळ बंगलाच!

येथे पादत्राणे काढून खोलीत बसता येते, वस्तू हातात घेता येतात. 'हात लावू नका' अशी पाटी कुठेच नाही. एका खोलीत मासासुके राहतो, असे संग्रहालयाने ठरवले आहे. तो खाडीतले शिंपले, आपल्या तिसऱ्यांसारखे, कावडीवर घालून दारोदार विकतो. त्याची कावड आणि टोपल्या दाराशीच आहेत. दुसऱ्या खोलीत होडीवाला, तिसऱ्या खोलीत लाकूड कापणारा सुतार. त्याचे करवत एवढे रुंद की आम्ही उचलायला गेलो तर मनगट दुखले. फुकागावाजवळच लाकडाच्या वखारी होत्या, म्हणून या भागात असे कारागीर पुष्कळ. एका खोलीत ओशिझु नावाची बाई मुलांना लिहा-वाचायला आणि शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजवायला शिकवते. कष्टकऱ्यांच्या मुलामुलींसाठी अशा छोट्या शाळा त्या काळी एदोत गल्लोगल्ली होत्या. १०८ चौरस फुटांच्या खोलीतही कोणीतरी पाटी-पुस्तकाला जागा करून दिली होती. हे पाहून आमच्या सौ.ना आपली परीक्षेची रात्र आठवली, सगळे निजल्यावर बाहेरच्या सामाईक गॅलरीतल्या दिव्याखाली केलेली.

थोड्या थोड्या वेळाने छताचा उजेड बदलतो. कोंबडा आरवतो, पहाट होते, फेरीवाल्यांच्या हाका येतात, मग संध्याकाळ आणि रात्र. आवाज मुद्रित केलेले आहेत हे ठाऊक असूनही मासेवालीची हाक आली असेच वाटते.

पाणी, राख आणि मैला

संग्रहालयात स्वेच्छेने माहिती सांगणारे वयस्क लोक असतात. असेच एक आजोबा आमच्याबरोबर फिरले. मुलगा दुभाष्याचे काम करत होता. विहिरीपाशी ते म्हणाले, या विहिरीचे पाणी पिऊ नका! फुकागावा ही समुद्र बुजवून केलेली जमीन, त्यामुळे विहिरीला खारट पाणी. ते धुण्याभांड्याला चाले. पिण्याचे पाणी नदीपलीकडून होडीने येई आणि पाणीवाला ते बादलीने विकत देई. गरिबाला पाणीही विकत! आणि ही जमीन बुजवायला भर कसली घातली? १६५५ मध्ये शहराचा कचरा याच बाजूच्या खाडीत टाकावा असा हुकूम निघाला होता. म्हणजे श्रीमंतांच्या कचऱ्यावर गरिबांची वस्ती उभी राहिली. हे ऐकून आम्हाला नवल वाटले नाही.

मात्र टाकून देण्यासारखे या चाळीत फारसे काही नव्हते. चुलीतली राख विकत घेणारा माणूस येई, ती शेताला आणि कापड रंगवायला लागे. मोडक्या छत्रीच्या काड्या घेणारा वेगळा, रद्दी कागद वेचणारा वेगळा, फुटक्या कढईला डाग लावणारा वेगळा. लाकडी खडावांचे झिजलेले दात बदलून देणाराही होता. अंथरूण, भांडी, कपडे भाड्याने मिळत. घरात ठेवायला जागा नाही आणि कधी आग लागेल याचा नेम नाही, मग विकत कशाला घ्या?

संडासापाशी आलो तेव्हा आजोबा हसून म्हणाले, ही चाळीची तिजोरी! दार कमरेएवढेच, अर्धे. खालचा मैला खत म्हणून शेतकरी विकत नेत. पैसे किंवा मुळ्यासारखी भाजी देऊन नेत आणि ते उत्पन्न चाळीचा कारभार पाहणाऱ्या गुमास्त्याला मिळे. मैल्याच्या होड्या कालव्यांतून जात. त्या होड्यांना नाव होते 'कासाई होडी', कारण त्या मुख्यतः कासाई परिसरातल्या गावांच्या असत. आज ज्या कासाईच्या नावाच्या वस्तीत आपली मराठी मुले संगणकावर काम करतात, त्या मुलखातले शेतकरी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी शहराचा मैला वाहून नेत होते.

वाचकहो, येथे आम्ही बराच वेळ थांबलो. ते काम घाणीचे होते, कष्टाचे होते. पण ते करणारा शेतकरीच होता. मैला वाहिला म्हणून तो जन्माने अस्पृश्य झाला नाही. त्याच्या मुलाला दुसऱ्याच्या अंगणात उभे राहायची बंदी झाली नाही. उलट त्याच्याकडून पैसे घेऊन गुमास्ता खूश! मग विटाळ मैल्यात असतो हे सांगितले कोणी?

दिव्याची वात कोणाची?

यावरून असे समजू नये की जुन्या जपानात अस्पृश्यता नव्हती. होती, आणि चांगली मुरलेली होती. ती फक्त दुसऱ्या कामाला चिकटवली होती. मेलेली गुरे-घोडी ओढणे, कातडे कमावणे, फाशीच्या जागी काम करणे ही कामे ठरावीक घराण्यांच्या माथी जन्माने मारलेली. त्यांना लावलेल्या नावाचा अर्थच 'अतिशय मलिन' असा होता. त्यांची वस्ती वेगळी, लग्ने वेगळी, सरकारी नोंद वेगळी. एदो आणि आसपासच्या मुलखात या लोकांवर दान्झाएमोन नावाचा वंशपरंपरागत प्रमुख नेमलेला होता. तो नदीपलीकडे आसाकुसा भागात राही.

आम्ही आजोबांना विचारले, या गल्लीत त्यांच्यापैकी कोणी आहे का? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, नाही, ते येथे राहत नसत, त्यांची वस्ती निराळी होती. उत्तर खरे होते. संग्रहालयाने सागा-चो दाखवले आहे आणि सागा-चोत ती माणसे राहत नव्हती. पण पुन्हा खोल्यांतून फिरलो तेव्हा ती माणसे आम्हाला ठिकठिकाणी दिसू लागली. ओशिझुच्या भिंतीवरच्या शामिसेनला मांजराचे कातडे मढवतात. कातडे कमावण्याचे काम त्यांचेच. आणि प्रत्येक खोलीत कागदाच्या आडोशाचा छोटा दिवा आहे. त्यातले तेल रस्त्यावरच्या घाऊक दुकानातले. वात मात्र लव्हाळ्याच्या गाभ्याची. त्या वातींच्या व्यापाराचा मक्ता दान्झाएमोनकडे होता. ज्यांना घरात घ्यायचे नाही, त्यांच्याच वातीवर साऱ्या शहराचा दिवा जळत होता.

१८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून हा भेद कायद्याने रद्द केला. मलिन ठरवणारी नावे गेली, पण त्याबरोबर कातड्याच्या धंद्यावरचा त्यांचा हक्कही गेला आणि हातात दुसरे काही दिले नाही. अनेक गावी शेतकरी या हुकुमाविरुद्धच उठले. १८७३ मध्ये मिमासाका भागातल्या दंगलीत या समाजाचे 18 लोक मारले गेले. आपण ज्याला बुद्धाचा देश समजतो, तेथील विहारांतही भेद होता. माणूस मेल्यावर भिक्षू त्याला नवे नाव देतात आणि ते थडग्यावर कोरतात. या समाजाच्या माणसांना कित्येक ठिकाणी हिणकस अर्थाची अक्षरे घालून नावे दिली गेली. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या प्रतिनिधीने जपानात असा भेदभाव नाहीच असे सांगितले. त्यावर समाजाने जाब विचारला. पंथाला चूक मान्य करावी लागली आणि थडग्यांवरची ती नावे शोधून बदलण्याचे काम सुरू झाले. धम्म बुद्धाचा असला तरी तो सांभाळणारी माणसे डोळे मिटून बसली की असे होते. आपणही हे ध्यानात ठेवावे.

समाज मात्र गप्प बसला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो शहरात त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. नावाचा अर्थ समपातळीवर आणणाऱ्यांची संघटना. नारा प्रांतातल्या गोसे या गावी, जेथून ही चळवळ उभी राहिली, तेथे १९९८ मध्ये त्यांचे स्वतंत्र संग्रहालय झाले. तरीही १९७५ मध्ये या समाजाच्या वस्त्यांचे पत्ते छापलेली पुस्तके कंपन्यांना गुपचूप विकली जात असल्याचे उघड झाले होते. नोकरीला येणारा मुलगा कोणत्या वस्तीतला, हे पत्त्यावरून ताडायचे! २०१६ मध्ये हा भेदभाव संपवण्यासाठी नवा कायदा करावा लागला. पत्ता विचारण्यामागचा हेतू आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

शिंपल्यांचा भात

संग्रहालयातून बाहेर पडलो तेव्हा भूक लागली होती. या भागाचे एक खास जेवण आहे, फुकागावा भात. शिंपल्यांचे मांस आणि पातीचा कांदा सोयाबीनच्या आंबवलेल्या सारात शिजवायचा आणि तो रस्सा गरम भातावर ओतायचा. कोळ्यांनी, मजुरांनी घाईघाईत खायचे हे स्वस्त अन्न. आज ते उपाहारगृहात पाटी लावून कौतुकाने वाढतात. चव आपल्या तिसऱ्यांच्या पातळ कालवणाच्या जवळची, फक्त तिखट नाही. सौ.नी पिशवीतून चटणीची पुडी काढली आणि मग जेवण खरे जमले.

आपण काय जपणार?

त्या १०८ चौरस फुटांत बसून आम्हाला एकच गोष्ट पटली. राजाचा मुकुट जपायला सरकारे असतात. कावड, रांजण, चूल आणि दिव्याची वात जपायची तर ज्यांनी ती वापरली त्यांच्या वारसांनीच पुढे यावे लागते. आणि जपताना जे गल्लीत दिसत नाहीत त्यांचाही शोध घ्यावा लागतो.

मुंबईत बी.डी.डी. चाळी आता पडत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या, मोठ्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगलेच झाले. स्वतंत्र संडास, स्वतंत्र मोरी, मुलांना अभ्यासाला जागा, यासाठी आपल्या आयाबहिणींनी किती वर्षे वाट पाहिली! कोणी जुन्या खोलीसाठी अश्रू ढाळावेत असे आम्ही म्हणणार नाही. पण सामान बांधताना रॉकेलचा स्टोव्ह, पत्र्याची पेटी, पाण्याचे पिंप, वडिलांचे गिरणीतले बदली कार्ड हे सगळे भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. निदान एक वस्तू ठेवा. खोलीचे माप घ्या. दार कोठे होते, मोरी कोठे होती, रात्री कोण कोठे झोपत असे, याचा साधा नकाशा वहीत काढा. आजीला विचारून पाण्याच्या रांगेची हकीकत मुलांकडून लिहवून घ्या. यासाठी पैसा लागत नाही, रविवारची एक दुपार लागते.

फुकागावाच्या लोकांना आपली गल्ली दोनदा जळून गेल्यावर कागदांवरून पुन्हा उभी करावी लागली. आपली गल्ली आठवणारी माणसे अजून आपल्या घरात आहेत. त्यांना आजच विचारा.